कोहळ्याची परीक्षा

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट कारणाशिवाय केलेली नाही, आणि कारण सापडल्यावर ती सरळ मार्गानंही केलेली नाही. त्यांना वाढदिवसाला फोन केला तर पलीकडून प्रश्न येतो, "काम काय आहे ते बोला, साडूभाऊ." नुसत्या शुभेच्छा द्यायला केला म्हटलं की ते खरोखर काळजीत पडतात आणि नंतर माझ्या बायकोला हळूच विचारतात, "साडूभाऊची तब्येत बरी आहे ना वं?" ते स्वतः आम्हाला फोन करतात तो पाण्याची मोटार जळाली किंवा कुणी वारलं तरच. त्यामुळे मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं की आमच्या घरात तो कुणी उचलायचा यावर आधी भांडण होतं.

साडू मूळचे भिवापूरकडच्या मिरची पिकवणाऱ्या घरातले. नोकरीपायी नागपुरात आले आणि वाडी उपनगराच्या मागं त्यांनी प्लॉट घेतला, तो नेमका मुरमाच्या जुन्या खदानीच्या काठावर. पुढून घर चारचौघांसारखं. मागचं दार उघडलं की मात्र जमीन थेट नाल्याकडे धावत सुटलेली. पायाखाली मुरूम मोहरीसारखा घरंगळायचा. गॅसवाला, मीटर बघणारा, मी स्वतः, सगळे एकेकदा तिथून बसून उतरलो आहोत. माझ्या आकडसासू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहीण, आमच्या ताई, मागं कपडे वाळत घालायला जाताना कमरेला दोरी बांधायच्या आणि दोरीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. साडूंना यात काही वावगं वाटत नसे. "उतार आहे म्हणून त हवा येऊन राहिली," असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत.

मग साडूंची पुण्याला दिलेली लेक तिची रांगती पोर घेऊन माहेरी आली. सगळे चहा पीत असताना पोरीनं मागचा उंबरा ओलांडला आणि गडगडत निघाली. बोरीच्या झुडपात अडकली म्हणून वाचली, ओरखड्यांवर भागलं. लेक रागावली नाही, रडलीही नाही. बॅग भरता भरता एवढंच म्हणाली, "बाबा, हे अंगण नीट होत नाही तोवर मी पोरीले इथं आणत नाही." साडूंनी पोरीला उचलून हातावर तोलून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "पोरीचं वजन किती आहे?"

दुसऱ्या दिवशी ते कॉटन मार्केटच्या भाजीबाजारातून बरोबर तेवढ्या वजनाचं कोहळं घेऊन आले. कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा. ते मागच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि सोडून दिलं. कोहळं उड्या मारत नाल्यात गेलं. साडूंनी मान डोलावली आणि कुदळ हातात घेतली. त्यानंतर दर रविवारी परीक्षा. आठवडाभर उतार खोदून रुंद, सपाट पायऱ्या पाडायच्या, दगड रचायचे आणि रविवारी पुण्याला पोरीचं वजन विचारून तेवढं कोहळं सोडायचं. गल्लीतले लोक खुर्च्या घेऊन बघायला येत. फुटलेल्या कोहळ्याची खसखस-खोबरं घातलेली बाकरभाजी मग शेजारीपाजारी जाई, आमच्या डब्यातही येई. ताई म्हणायच्या, "मले आता कोहळ्याचं नाव काढलं तरी मळमळते."

पावसाळ्याआधी तीन पायऱ्यांच्या दगडी भिंती उभ्या राहिल्या, काळी माती पडली, मोगरा लागला. पण साडूंनी बांधले होते ते शेतातले बांध. पाण्याचा थेंब बाहेर जाईल तर शपथ. भिंतीत पाईप सोडा, असं मी सुचवलं तर खवळले. "काहून जाऊ द्याचं पाणी? माह्या बापाची उमर गेली पाणी अडवण्यात." श्रावणापर्यंत तिन्ही पायऱ्यांची तळी झाली, त्यात बेडूक आले, आणि साडू दारात बसून लेकरासारखे त्या पाण्याकडे बघायचे. एका दुपारी भिंतींना पोट सुटलं आणि सगळी बाग मोगऱ्यासकट नाल्यात गेली.

ताईंचा फोन आला, दोन दिवस जेवत नाहीत म्हणून. मी गेलो तर उंबऱ्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेक बरोबर बोलली गा. इथं लेकरू आणाची जागाच नाही." त्या माणसाला इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसून राहिलो.

पाऊस ओसरल्यावर त्यांनी पुन्हा भिंती बांधल्या, या वेळी पाईप ठेवून. पहिल्यांदा बादली ओतून पाणी सोडलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मग राहवेना म्हणून खाली नाल्याशी खड्डा खणून ते पाणी अडवलंच. पायऱ्यांवर हिरवळ धरली, कडेला गवती चहाची दाट रांग लागली, जुन्या कडुलिंबाला झोका बांधला. एका रविवारी सोडलेलं कोहळं पहिल्याच पायरीवर गवती चहात जाऊन बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडूंनी पुण्याला फोन लावला आणि "कोहळं थांबलं" एवढं बोलून ठेवून दिला.

लेक सुट्टीत आली. पोर आता पळायला लागली होती. दार उघडताच ती सुसाट सुटली. साडू सकाळपासूनच सगळ्यांत खालच्या पायरीवर हात पसरून उभे होते. पोर वरच्याच पायरीवर अडखळली, हिरवळीत पडली आणि हसायला लागली. लेक दारातून बघत होती. तिनं खिडकीच्या गजाची जुनी दोरी सोडली, झाडापासून झाडापर्यंत ताणून बांधली आणि तिच्यावर पोरीचे फ्रॉक वाळत घातले.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. नात शाळेत जाते, आणि साडू अजून दर रविवारी पुण्याला फोन करून तिचं वजन विचारतात आणि बाजारात जातात. तेवढ्या वजनाचं कोहळं हल्ली मिळत नाही, म्हणून खालच्या पायरीवर त्यांनी स्वतःच वेल लावला आहे. परवा मी म्हटलं, बाग तर पक्की झाली, आता परीक्षा कशाला? वेलाचं पान उलटून खाली फळ धरलं का ते बघत साडू म्हणाले, "मंग फोन कायच्यासाठी करू, सांगा बरं."