हळदीचं गाणं कापताना

फोन कानाला नीट लाव गं पोरी, लांबून काय ऐकतेस! दर फोनला तुझं एकच, ‘काकू, आईचं गाणं मोबाइलवर पाठव ना.’ अगं, गाणं म्हणजे काय वांग्याच्या भरताचा फोटो आहे? ते तबकडीवर कापलं कसं, ते आधी ऐक.

तुझी आई माझी मोठी जाऊ. रनाळ्यात कुणाला हळद लागायची ती तिच्या आवाजावर. घशात गाठ निघाली आणि सुरतेचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने जीव राहील, आवाज राहणार नाही. निघायच्या आदल्या दुपारी मी तिला माझ्या यंत्रापुढे बसवलं. मोबाइल धरला की ती तोंडाला पदर लावते. माझ्या यंत्राला मात्र ती रहाट म्हणते, त्याची तिला भीड नाही.

हे यंत्र मीच जुळवलंय, चुकतमाकत. जुन्या इंजिनाच्या जड चाकाची फिरती थाळी केली, म्हणजे वेग हलत नाही. लेथचा आट्यांचा दांडा सुईला कडेपासून मधे सरकवत नेतो. आवाज आला की सुई थरथरते आणि मऊ लेपाच्या तबकडीत चर पाडते. खालची फरशी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर ठेवलीय, नाहीतर रस्त्यावरचा उसाचा ट्रकसुद्धा गाण्यात उतरतो. चर पडताना केसासारखा धागा निघतो. तो सुईखाली गेला की तबकडी वाया. एरवी मी तो व्हॅक्यूमने ओढते, पण त्याची घरघर नको म्हणून त्या दिवशी ब्रश घेतला. कोरी तबकडी एकच उरली होती.

गडबड नको म्हणून गाण्यासाठी जमलेल्या सगळ्या बायांना अंगणात पिटाळलं. सुई टेकवली. तुझ्या आईने पहिली ओळ म्हटली, गाठ असूनही अशी की माझ्या अंगावर काटा आला. आणि ती थांबली.

थाळी फिरतेय. सुई आवाजाविना कोराच चर पाडतेय. मी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? तर ताडकन म्हणाली, “झेलनारं कोनी नही! मी काय भितले म्हनू का?”

घ्या, भिंतीला कुणी गाणं म्हणतं का! एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती परत म्हणून झेलायची, तेव्हा कुठे पुढची ओळ ओठावर येते. आणि मी झेलणाऱ्याच बाहेर घालवल्या! हाका मारायला वेळ नव्हता, मलाच झेलायचं होतं. पण तोंड तबकडीवर वाकलेलं. श्वास लागला की धागा सुईखाली. मान वळवली, डोळा तिरका ठेवला आणि ओळ झेलली. तरी धागा उडालाच, सुईला शिवला. ब्रश दाबावा तर सुई हलणार, न दाबावा तर धागा गुंडाळणार. टोकाने हळूच ओढला. तोवर तिने दुसरी ओळ टाकली. परत मान वळवली. असं शेवटपर्यंत.

नंतर भिंगातून पाहिलं. चर कुठे तुटलेला दिसला नाही, पण वाजवल्याशिवाय खरं कळत नाही. आणि लेप मऊ; दर वेळी सुई थोडा आवाज खरवडून नेते. पहिल्या खेपेला ऐकू येईल तसं पुन्हा येणार नाही. परवा लावायला गेले, तर तुझ्या आईने माझा हात धरला. आता बोलता येत नाही तिला. भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं आणि तबकडी मांडीवर घेऊन बसली.

तेव्हा सुट्टीची वाट बघू नको गं माय. मिळेल त्या एसटीने ये, लवकर ये.