घाण्याचं तेल

मुलांच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत काटेमावशी शेंगदाण्याचं पीठ तोलत बसायची. पीठ म्हणजे तरी किती, कधी कधी चिमटीतही सापडणार नाही इतकं. ज्या मुलांना शेंगदाणा विषासारखा बाधतो, त्यांना तो डॉक्टरांच्या नजरेखाली कणाकणाने भरवायचा आणि हळूहळू वाढवत न्यायचा, असे उपचार तिथे चालत. मावशी पूर्वी औषधांच्या दुकानात पुड्या बांधायची. हात असा बसलेला, की काट्यावर आकडा उमटायच्या आत ती तो सांगून मोकळी. पीठ उडेल म्हणून खोलीत पंखा लावायची सोय नव्हती. "शिंकायचं असेल तर आधी बाहेर व्हा," असं ती मोठ्या डॉक्टरांनासुद्धा सुनवायची.

पोरांना तिचा भारी लळा. "मावशी, आज किती?" असं कुणी घाबरत विचारलं की ती गंभीर चेहरा करून म्हणायची, "आज हत्तीएवढा. पण मुंग्यांचा हत्ती हं!"

ती इथे का आली, हे दवाखान्यात दोघातिघांनाच ठाऊक होतं. तिची एकुलती एक लेक, घरात तिला ठकी म्हणत, नवव्या वर्षी शेंगदाण्यानेच गेली. मधल्या सुट्टीत मैत्रिणीने अर्धं बिस्किट दिलं. धाप लागली तेव्हा बाईंना वाटलं, दमा असेल. मावशी धावतपळत पोचली, तोवर सगळं संपलं होतं. कुणीतरी तिच्या हातात ठकीचा एक बूट आणून दिला. दुसरा शेवटपर्यंत सापडला नाही.

जपण्यात तिने कसूर केली नव्हती. ठकी जन्मल्यापासून अंगाने कोरडी, गाल फुटलेले, कोपराच्या खळीत खाजवून खाजवून रक्त यायचं. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, "अशा बाळांना तीन वर्षं शेंगदाणा तोंडालाही लावू नका." तेव्हा सगळीकडे हाच सल्ला देत. मावशीने तो शब्द न् शब्द पाळला. पोरीला तळहाताच्या फोडासारखी जपली. ती गेल्यावर मावशी स्वतःला एवढंच सांगत आली, की आपल्याकडून चूक झाली नाही. त्याच आधारावर ती उभी होती.

अशी चौदा वर्षं गेली. एके दिवशी सकाळी ती डोसांचा ट्रे घेऊन नव्या डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. समोर एक तरुण आई बसलेली, मांडीवर पाच महिन्यांचं बाळ, त्याचेही गाल तसेच फुटलेले.

"म्हणजे आत्तापासूनच द्यायचा?" आईने विचारलं. "लहान आहे हो अजून."

"तपासणी ठीक आली, म्हणून तर म्हणते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नीट पातळ करून, बेताबेताने. असं बघा, घरात पाहुणा पुढच्या दाराने आला, ओळख करून दिली, की कुणी त्याच्यावर धावून जात नाही. आतड्याचंही तसंच. पोटातून जे येतं, त्याची आतड्यातल्या पेशी चव घेतात, रोगाशी लढणाऱ्या आतल्या गाठींपर्यंत बातमी पोचवतात. तिथे आवर घालणाऱ्या पेशी तयार होतात. त्या बाकीच्यांना सांगतात, हा आपला आहे, गप्प बसा. पण तोच शेंगदाणा फुटलेल्या कातडीतून आत शिरला, तर शरीराला वाटतं चोर आला. एकदा का चोर ठरला, की पुढे पोटातून आला तरी मार खातो."

"कातडीतून कसा जाईल?"

"घरातली धूळ, खाऊन न धुतलेले हात. शिवाय अंगाला लावलेलं तेल. घाण्यावरच्या कच्च्या तेलात शेंगदाण्याचा अंश राहतो."

ट्रे हातातून पडला नाही. चौदा वर्षांची सवय. मावशीने तो टेबलावर ठेवला, प्रत्येक वाटीवरचं नाव पुन्हा तपासलं आणि ती बाहेर आली.

पोरीच्या तोंडापासून तिने शेंगदाणा दूर ठेवला होता. आणि रोज सकाळी, खिडकीतल्या उन्हात पाय पसरून, ठकीला पायांवर घेऊन, कोमट केलेलं घाण्याचं शेंगदाणा तेल त्या फुटलेल्या कातडीत जिरवलं होतं. खास कोपराच्या खळीत जरा जास्त. कोरडं पडू नये म्हणून. सात महिने.

दुपारी डॉक्टरबाई एकट्या असताना तिने विचारलं. काही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला.

"मावशी, त्यामुळेच झालं असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आणि तेव्हा हे आम्हालाच माहीत नव्हतं."

"पण झालं असेल."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "असू शकेल."

मावशीने मान डोलावली. खोटं बोलल्या नाहीत, याचं तिला बरं वाटलं. उठताना म्हणाली, "बाळंतिणींना कागद देता ना तुम्ही, त्यात हे तेलाचं लिहा. मोठ्या अक्षरात. आया चष्मा शोधत बसत नाहीत."

घरी नवरा दाराशी बसून कुलूप खोलत होता. कुलपं दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. ते तेल तोच आणायचा. घाणा गावाच्या दुसऱ्या टोकाला, तरी सायकल हाणत जायचा. लेकीला ताजंच हवं, म्हणायचा.

"चेहरा का असा?" त्याने विचारलं.

"दमले हो."

तो पुन्हा कुलपात गुंतला. मग मान वर न करता म्हणाला, "आज बाजारात ठकीची मैत्रीण दिसली. ती बिस्किटवाली. कडेवर पोर होतं. मला बघून रडायलाच लागली. मी म्हटलं, तुझा काय दोष गं. कुणाचाच नव्हता." थोडा थांबून त्याने विचारलं, "नव्हता ना गं? आपण काही कमी केलं नाही ना तिचं?"

मावशी तोवर त्याला ओलांडून आत आली होती. तिचा चेहरा त्याला दिसला नाही, ते बरं झालं.

"नाही हो," ती म्हणाली. "काहीच नाही."

ती मोरीत गेली, नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धूत बराच वेळ उभी राहिली. बाहेरून त्याने हाक मारली, "अगं, पाणी वाहतंय."