शेवटच्या शेताचं पाणी

आमच्या कालव्याचं दार सांभाळणाऱ्या माणसाला सगळे घड्याळमामा म्हणत. नदीचं पाणी कालव्यात घ्यायचं, कालव्यातून चारीत सोडायचं, चारीतून एकेका शेताला द्यायचं आणि ठरलेल्या तासाला तोडायचं, हे काम त्यानं एकतीस वर्षं केलं. काय देखणा माणूस! खांद्यावर फावडं टाकून बांधावरून यायचा, तो राजाच्या प्रवेशासारखा. नाटक सोडून मी इथे राहायला आलो, तेव्हा मला पहिला मित्र मिळाला तो हाच.

त्याचा एक नियम होता. पाण्याची पाळी शेपटापासून सुरू करायची. चारीच्या शेवटच्या शेताला आधी पाणी, तोंडाजवळच्याला शेवटी. नदी मध्येच उतरली तर तोंडाजवळच्याला थोडंफार मिळतंच, शेवटच्याला थेंबही नाही. अडचण एवढीच, की शेवटचं शेत त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं.

एकदा चहाच्या दुकानात, तोंडाजवळ शेत असलेला पंपवाला म्हणाला, "मामा, ही नदी डोंगरात उगम पावते की तुमच्या बहिणीच्या परसात?"

हशा पिकला. मीही हसलो; चांगल्या वाक्याला दाद द्यायची जुनी खोड. मामा अर्धा चहा टाकून उठला. त्या पाळीला त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच तोंडापासून पाणी सोडलं.

बहीण धावत आली. "दादा, कणसं भरायला लागलीत. आत्ता पाणी चुकलं तर दाणाच धरणार नाही."

"पाचव्या दिवशी तुझंच आहे. तोवर दम धर."

"मी धरीन रे. नदीनं नाही धरला तर?"

चौथ्या दिवशी दुपारी नदी उतरली. कचेरीतून फोन आला: दार बंद करा, उरलेलं पाणी खालच्या शहराला प्यायला लागणार आहे. मामा दोन्ही हातांनी दाराचं चाक धरून कितीतरी वेळ उभा राहिला. "खाली लोक हंडे घेऊन रांगेत असतील रे," मला म्हणाला आणि चाक फिरवलं.

मग तो थेट पंपवाल्याकडे गेला. पंपवाल्याचं शेततळं त्याच पाळीच्या पाण्यानं काठोकाठ भरलं होतं.

"अर्धं तळं चारीत सोड. हात जोडतो."

पंपवाल्याची मान खाली गेली. "मामा, थट्टा केली होती हो मी. तुम्ही पाळीच फिरवाल असं कुठं वाटलं!" त्यानं स्वतः पंप सुरू केला.

पण शेपटाकडची चारी महिनाभर कोरडी होती. कोरडी चारी आधी स्वतः पिते, मग शेताला देते. हे मामाइतकं कोणाला ठाऊक? तरी तो पाण्याबरोबर चालत निघाला, मागोमाग मी. पाण्याच्या तोंडाशी फेस, पाचोळा, वाहून आलेल्या मुंग्या. मामा फावड्यानं गवत खरवडायचा, भेगांत चिखल दाबायचा, "चल बाई, चल" म्हणायचा. पाणी आधी चालत होतं, मग रांगायला लागलं. दोन शेतं अलीकडे थांबलं.

मामानं ओंजळीनं ते पुढे लोटून पाहिलं. साठीचा माणूस, चिखलात गुडघ्यांवर! रंगमंचावर मी असा आकांत पुष्कळदा केला आहे, पण त्याच्याकडे मला बघवेना.

बहीण कोरड्या चारीतून चालत वर आली. "ऊठ दादा. पुरे."

"लोक हसले गं. त्याला भ्यालो मी."

"मग मला विचारायचंस! चार लोक हसले असते, तर मी काय विरघळले असते?"

ती शेतात परतली. दाणा आता भरणार नव्हता. पानं हिरवी होती तोवर कापलं, तर निदान गुरांना वैरण होणार होती. तिनं विळा उचलला. मामानं फावडं बांधावर टाकलं आणि दुसरा विळा मागितला. तिनं दिला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. शेताच्या दोन टोकांना दोघं वाकली आणि उभा मका कापायला लागली.