चार तारा आणि मावशी

शाळेची बस चालवणाऱ्या मावशींच्या गळ्यात बेस गिटार पडली ती वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, तीही निव्वळ योगायोगाने. भाचीचा बँड त्यांच्या गॅरेजमध्ये सराव करायचा. बेस वाजवणाऱ्याला एक दिवस परदेशात नोकरी लागली आणि तो गिटार भिंतीला टेकवून निघून गेला. आठवडाभर बाकीचे सुतकी चेहरे करून बसलेले पाहून मावशी म्हणाल्या, "आणा ती इकडे. त्या दुसऱ्या गिटारीला सहा तारा, हिला चारच. दोन तारांचा त्रास तरी वाचला."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. पहाटे बस काढायच्या आधी आणि दुपारी ती उभी केल्यावर त्या तारा घासत बसल्या. बोटांना फोड आले, फोडांचे घट्टे झाले, आणि सहा महिन्यांनी कोणी हसेनासं झालं. त्याला आता सात वर्षं झाली होती. भाची गायची आणि एरवी दवाखान्यात नर्स होती. ड्रम्सवर बेकरीवाला, गिटारवर केमिस्ट. चौघांची मिळून नऊ गाणी होती, आणि ती सगळी त्या गॅरेजातच जन्मली होती.

मग अल्बम काढायचं ठरलं. शहरातला स्टुडिओ शनिवार-रविवारसाठी मिळाला. शाळेला सुट्टी होती, म्हणून मुख्याध्यापकांनी बस दिली. मावशींनी माणसांना तर पट्टे लावायला लावलेच, पण ड्रम्सनाही एकेका सीटवर बसवून पट्टे आवळले.

"मोठा ड्रम काही खिडकीतून डोकं बाहेर काढत नाही, मावशी," बेकरीवाला म्हणाला.

"त्याचा भरवसा आहे मला. तुझा नाही."

स्टुडिओ एका टायरच्या दुकानाच्या वर होता. आत भिंतींना करड्या फोमचे चौकोन, पायाखाली जाड गालिचा, आणि बोललेला शब्द तोंडासमोरच विरून जावा अशी शांतता. रेकॉर्डिस्टने चौघांना चार काचेच्या खोल्यांमध्ये बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. हेडफोनमध्ये एकसारखी टिकटिक चालू झाली. वाजवायचं ते तिच्याबरोबर.

इथेच घोडं अडलं. टिकटिक पुढे जायची आणि मावशी केसभर मागे राहायच्या. पहिलं गाणं अकरा वेळा वाजवून झालं. बाराव्या वेळी मावशी इतक्या सावध झाल्या, की टिकटिकीच्या पुढेच गेल्या. जेवायची वेळ झाली तरी एकही गाणं पूर्ण झालं नव्हतं.

बेकरीवाला आणि केमिस्ट पाय मोकळे करायला खाली गेले. मावशी आपल्या खोलीतच गिटार पुसत बसल्या होत्या, हेडफोन कानांवरच. रेकॉर्डिस्टने भाचीला काचेपलीकडे बोलावून घेतलं, पण खोल्यांमधल्या हेडफोनशी जोडलेला समोरचा माइक बंद करायला तो विसरला.

"वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणत होता, "पण बेससाठी माझ्या ओळखीचा एक वादक आहे. तासाभरात येईल. संध्याकाळपर्यंत निम्मा अल्बम होईल."

मावशी भाचीच्या उत्तराची वाट पाहत राहिल्या. भाची काहीच बोलली नाही. रेकॉर्डिस्टच्या बोलण्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, तो आपलं काम करत होता. पण भाचीचं ते गप्प राहणं त्यांना लागलं.

त्यांनी हेडफोन काढला, दार ढकललं आणि त्या म्हणाल्या, "बोलवा त्याला. आपण इथे रुसायला आलो नाही."

भाचीच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

वादक आला. सडपातळ, मृदू बोलणारा माणूस, स्वतःचं स्टूल काखेत मारून आलेला. दोन गाणी त्याने दोनदोन प्रयत्नांत हातावेगळी केली. मावशी रेकॉर्डिस्टशेजारी बसून त्याची बोटं बघत होत्या. तोंडून आपोआप "वा" निघालं. माणूस खरोखरच चांगला होता.

तिसरं गाणं संथ होतं. त्यात मात्र भाची अडखळली. एकदा, दोनदा, पाचदा.

"काय होतंय?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

"श्वास घ्यायला जागाच मिळत नाही," भाची म्हणाली. "ओळ संपली की मावशी जरा थांबते. मी तिथे श्वास घेते. सात वर्षं तशीच गातेय."

वादकाने मावशींना ती जागा वाजवून दाखवायला सांगितलं. मावशींनी वाजवली. त्याने करून पाहिली, पुन्हा करून पाहिली आणि मान हलवली. "मला नाही जमत. मी थांबलो की चुकल्यासारखं वाटतं. तुम्ही थांबलात की कुणासाठी तरी थांबल्यासारखं वाटतं. कुठे शिकलात?"

"शिकलेय कसली? मुलाचे दोन्ही पाय पायरीवर आल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. हातालाही तीच सवय लागली असेल."

वादक रेकॉर्डिस्टकडे वळून म्हणाला, "टिकटिक बंद कर. चौघांना एका खोलीत बसव." आणि त्याने आपलं स्टूल मावशींपुढे सरकवलं.

उरलेली सात गाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाली. आवाज एकमेकांत मिसळतायत म्हणून रेकॉर्डिस्ट थोडा कुरकुरला, पण संथ गाणं ऐकताना त्याने खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

परतीच्या वाटेवर भाची पुढच्या सीटवर येऊन बसली. मागे दोघे घोरत होते.

"तू ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं."

"मला वाटलं, तुलाच सुटका हवी असेल. बारा वेळा वाजवून तू पार वैतागली होतीस. आणि माझीही घाई होती, खोटं कशाला बोलू?"

मावशींनी आरशात पाहून गाडी बाजूच्या लेनमध्ये घेतली. "घाई असणं ठीक आहे. पण पुढच्या वेळी तोंडाने सांग. तू गप्प बसलीस की मला काहीच्या बाही सुचतं."

"सांगीन."

"आणि आता पट्टा लाव."

अल्बम निघाला. गावात लोक मावशींना थांबवून विचारतात, त्यातलं कुठलं गाणं आवडतं. त्या बिनदिक्कत त्या वादकाने वाजवलेल्या दोन गाण्यांपैकी एकाचं नाव सांगतात. केमिस्टला ते मुळीच पटत नाही. मावशी मात्र दर बुधवारी बस उभी करून वादकाला फोन लावतात, फोन खिडकीला टेकवतात आणि गिटार मांडीवर घेतात. तिसरं बोट कुठे ठेवायचं यावरून सध्या दोघांची हुज्जत चालू आहे.