अण्णांचा स्वल्पविराम

मैदानावर पहाटे चपला घालून कुणी येत नाही. त्या दिवशी अण्णांचा धाकटा भाऊ फाटकाशी चपला घालून उभा होता, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत मला कळलं. त्यानं कानडीत सुरुवात केली, माझा चेहरा बघून मराठीत आला. अण्णा, म्हणजे वेंकटराव माने, नेहमीसारखे उठून बूट घालायला बसले होते... एक घालून झाला होता, दुसरा हातातच राहिला.

याला आता काही आठवडे झाले. मी माणूस बोलका. जिना चढताना एखाद्याला गाठून दोन किस्से सांगणारा, आणि तो ऐकत नसेल तर तिसराही. काही वर्षांपूर्वी बँकेनं बदली करून मला बंगळूरला धाडलं, मुलीची शाळा मोडू नये म्हणून बायको आणि ती पुण्यातच राहिल्या, आणि जे. पी. नगरातल्या दोन खोल्यांत माझ्यासारख्या नटाला प्रेक्षक म्हणून एक पाल उरली. ऑफिसात इंग्रजी, रिक्षात हिंदी, वाण्याकडे नुसतं बोट. मराठी फक्त रविवारी एसटीडी बूथमध्ये, तीही समोर पळणाऱ्या मीटरकडे बघत. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे पाहून पळायला सांगितलं म्हणून मी मैदानावर गेलो. एका सकाळी धापा टाकत असताना मागून आवाज आला, "मेल्या, पायात पायात काय येतोस, बाजूला हो की." मी घाईघाईनं बाजूला झालो, वर माफीही मागितली. ते अण्णा होते, आणि कुत्र्याला बोलत होते. "मराठी काय तुम्ही?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी मी पळालो कमी आणि बोललो इतकं, की संध्याकाळी घसा बसला. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. तेव्हापासून मी 'पुणेकर'.

मान्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इथं आलं, असं अण्णा सांगत. घोडं पुढं कुठं गेलं, असं विचारलं की म्हणत, त्याचीच स्कूटर झाली आणि ती रोज पीण्याला, कारखान्यांच्या वस्तीत जाते. पीण्याला त्यांचा स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना होता. शिक्षण सगळं कानडीत. मराठी घरात वाढलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. पळण्याच्या बाबतीत मात्र कडक. रोज हळू पळायचं, इतकं हळू की बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं तर वेग चुकला. हा खेळ खास माझ्यासाठीच काढलाय याची मला खात्री पटली. पण बुधवारी इंटर्व्हल असे. एक फेरी जीव खाऊन पळायची, मग अर्धी संथ, की पुन्हा जीव खाऊन. जोरात पळताना बोलायची सोय नाही, म्हणून मी संथ तुकड्यात गोष्ट सुरू करी, गोष्ट जरा रंगात येई, नायिका दार उघडणार, तेवढ्यात अण्णा म्हणत, "सरी," म्हणजे ठीक, "निघा," आणि सुटत. नायिका दारातच उभी.

त्या संथ तुकड्याला ते 'स्वल्प' म्हणत. कानडीत स्वल्प म्हणजे थोडंसं. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "अण्णा, याला शुद्ध मराठीत स्वल्पविराम म्हणतात." त्यांना शब्द फार आवडला. पुढं नागपूरहून संगणकाच्या नोकरीवर आलेला एक तरुण आमच्यात पळायला आला, तेव्हा अण्णांनी त्याला समजावलं, की जोरात पळून झालं की स्वल्पविराम घ्यायचा, त्यात थांबायचं नाही, पाय हलते ठेवायचे. तो बिचारा आपली थट्टा चाललीय का म्हणून माझ्याकडे बघत राहिला. मी झाडाकडे बघत राहिलो. खरा अर्थ कळायला त्यांना वर्ष लागलं. भाचीच्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकात कळला. दुसऱ्या दिवशी आले ते म्हणाले, "पुणेकर, तो कॉमा की." मी मार खायच्या तयारीत होतो. ते थोडं पळाले आणि म्हणाले, "असू दे. कॉमा म्हणजे पुढं आहे अजून." शब्द तोच चालू राहिला.

मग त्यांची छाती कुरकुरायला लागली. डॉक्टरांनी पळणं बंद केलं, चालायला परवानगी दिली. अण्णा मैदानावर यायचेच थांबले. पळणाऱ्यांमध्ये चालत फिरायचं म्हणजे वरातीत व्हीलचेअर, असं त्यांनी निरोपात कळवलं. मी चार सकाळी एकटा पळालो. कुत्रा होता, पण त्याला माझं मराठी कळत नसावं. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तो लंगडत. फाटकापासून सुरू केलं, पायऱ्यांवर जरा कण्हलो. सांगितलं, गुडघा गेला, आता नुसतं चालायचं, आणि एकट्यानं चालायला मला लाज वाटते. अण्णांनी आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी ते आले.

असं आम्ही कित्येक महिने चाललो. बुधवारी भरभर चालायचं, मधे स्वल्पविराम. त्यांना धाप लागली की माझा गुडघा दुखे. एकदा चालता चालता ते सहज म्हणाले, "काल डावा होता." मी म्हटलं, दुखणं सरकतं. "सरी," ते म्हणाले, "उद्या कुठला ते आजच सांगून ठेवा. मला त्या बाजूनं चालायला बरं." आणि दोघंही पुढं बघत चालत राहिलो, कारण हसलो असतो तर त्यांना खोकला आला असता.

परवा धीर करून त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कॉफी ठेवली. मला विषय सुचेना. हे लिहितानाही माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "सारू वाढल्यावर पुढं काय झालं?"

मला कळेना. त्यांनी आठवण करून दिली. कॉलेजात असताना पुण्यात एका शर्यतीत मी रस्ता चुकून एका मंगल कार्यालयात शिरलो होतो आणि दारातल्या बाईंनी मला वऱ्हाडी समजून अंगावर गुलाबपाणी शिंपडलं होतं. शेवटच्या बुधवारी अण्णांना ही गोष्ट सांगताना मी इथवरच आलो होतो. खरं तर तिथून मी पाणी पिऊन सरळ पळून गेलो. पंगत नव्हती, आणि पुण्याच्या पंगतीत इथलं सारू, म्हणजे रसम, येणार कुठून?

"घरी येऊन रोज तुमची गोष्ट सांगायचे," अक्का म्हणाल्या. "तुम्ही नको नको म्हणत होता, ह्यांनी हाताला धरून पंगतीत बसवलं. दोघं घामानं चिंब. शेजारी होळिगे, म्हणजे तुमची पुरणपोळी, पातळ तूप... सारू आलं, आणि म्हणाले, बाकीचं उद्या."

अण्णांनी जन्मात पुणं पाहिलं नव्हतं, तरी माझ्या गोष्टीत ते स्वतः येऊन बसले होते. अक्का वाट बघत होत्या. मी उठलो नाही, हातवारे केले नाहीत. कप खाली ठेवला.

"सारू आलं," मी म्हणालो, "आणि अण्णांनी वाटी पुढं केली..."