सिनेमानं शोधून दिलेलं कारण

सिनेमातल्या आजारी बाईचे केस फार छान विस्कटलेले असतात. कपाळावर दोन बटा, डोळ्यांत पाणी, अंगात नवऱ्याचा सैल पांढरा शर्ट. माझं मन आजारी पडलं तेव्हा मी आठवडा आठवडा वेणी सोडत नव्हते. डोक्याला कुबट वास यायचा, तो मलाही यायचा, पण उठून बादली भरायचं त्राण नसायचं. हे कुणी दाखवत नाही. दाखवतील कशाला? असलं बघायला तिकीट कोण काढेल?

मला या सिनेमावाल्यांचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. त्यांनी माझं काही बिघडवलं असतं तर सोडूनही दिलं असतं. त्यांनी माझ्या वडिलांचं बिघडवलं.

मी चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे. गाडीच्या सगळ्या वायरी एका मोठ्या फळीवर मांडायच्या, ठरलेल्या वाटेनं फिरवायच्या आणि टेप गुंडाळून त्यांचा जुडगा बांधायचा, हे आमचं काम. माहेर लातूर जिल्ह्यातलं. लग्न झाल्यावर चिखलीत आले, तेव्हापासून मी याच कामात आहे. हात आपोआप चालायचे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते चालेनासे झाले. फळी समोर यायची, टेप हातात असायची, आणि मी नुसती बघत उभी राहायचे. मागच्या बायका ओरडायच्या. कंपनीच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, मग चिंचवडच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि शेजारच्या खोलीतल्या काउन्सेलर मॅडमना भेटत जा म्हणून सांगितलं.

ती खोली बघून माझी निराशाच झाली होती. मीही सिनेमे बघूनच मोठी झालेली. मला वाटलं, मोठी खिडकी असेल, कुंड्या असतील, मऊ आवाजात कुणीतरी बोलेल आणि माझ्या आत कुठंतरी काहीतरी सुटेल. इथं प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे दातांच्या डॉक्टरांचं मशीन घूं घूं करतंय. मॅडमना कायमची सर्दी. त्या विचारायच्या, झोप किती झाली, अंघोळ केली का, जेवण जातंय का. परत गेलं की परत तेच. त्यांनी मला एकदाही रडवलं नाही. बऱ्याच भेटींनंतर एक काम दिलं, कंपनीच्या बसमधून उतरलं की लगेच वर जायचं नाही, सोसायटीला एक चक्कर मारायची आणि मग घरात शिरायचं. मी मनात म्हटलं, झालं, यासाठी सुट्टी टाकून आले होय मी.

पण मी चक्कर मारत राहिले. आणि एक दिवस जेवताना भाजीत मीठ जास्त पडलंय हे मला कळलं. कित्येक महिने मला खारट-अळणी कळतच नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं, तर भाजी केलेल्या नवऱ्याला ते लागलं बिचाऱ्याला. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या मात्र खूश झाल्या. माझं बरं होणं हे असं होतं. त्याला संगीत नव्हतं.

आता माझ्या नवऱ्याचं सांगते. माणूस वाईट नाही. मी पडून होते तेव्हा त्यानंच पोळ्या लाटल्या, मुलीची शाळा बघितली, कुणाला घरात तोंड वाजवू दिलं नाही. पण तो चाकणलाच दुसऱ्या कंपनीत मेन्टेनन्सला आहे, आणि त्यांच्याकडे मशीन बंद पडलं की एक पद्धत असते. मशीन का थांबलं? पट्टा तुटला. पट्टा का तुटला? तेल नव्हतं. तेल का नव्हतं? असं का-का विचारत खाली खाली जायचं. शेवटी मूळ कारण सापडतं, ते काढून टाकलं की मशीन चालू. हे त्याच्या अंगात इतकं भिनलंय की घरातला मिक्सर बंद पडला तरी तो तसंच करतो. माझ्या बाबतीत त्याला कारण मिळत नव्हतं. सासूचा जाच नाही, त्याला दारू नाही, मुलगी गुणी, घर स्वतःचं. मी मॅडमकडून आले की तो विचारायचा, ‘काय निघालं?’ मी म्हणायचे, झोपेचं विचारलं. त्याचा चेहरा पडायचा. ‘अगं पण मुळाशी कधी जाणार त्या?’

मग एका रविवारी त्यानं टीव्हीवर तो सिनेमा लावला.

त्यातली बाई मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिला एकदम धाप लागते, हात थरथरतात. ती एका देखण्या डॉक्टरिणीकडे जाते. डॉक्टरीण दोन वेळा गप्प बसते, तिसऱ्या वेळी एक प्रश्न विचारते, आणि बाईला आठवतं की लहानपणी आईबापांनी तिला डोंगरावरच्या कुठल्याशा हॉस्टेलात टाकलं होतं. ती ओक्साबोक्शी रडते. पुढच्या सीनला म्हातारा बाप येतो, मुलीपुढे गुडघे टेकतो, म्हणतो मला माफ कर. दोघं मिठी मारतात. लगेच पुढं ती सायकलवर, ओढणी उडतीये, हसतीये. गोळ्या नाहीत, चक्कर नाही, परत परत जाणं नाही. मी मटार सोलत होते. मला हसू आलं होतं, खरं सांगते.

नवऱ्यानं रिमोटनं चित्र थांबवलं. ‘तू पण लहानपणी घरी नव्हतीस ना?’

मी पाचवी ते सातवी मावशीकडे होते. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच, मावशी तालुक्याला राहायची. आमच्याकडे निम्म्या पोरी अशाच शिकल्या, कुणी मावशीकडे, कुणी मामाकडे. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिनं माझे जे लाड केले ते जन्मात परत कुणी केले नाहीत. शिलाई मशीनवर उरलेल्या कापडांचे फ्रॉक, बाजाराच्या दिवशी जिलबी, रात्री मावशीचे यजमान, आमचे काका, घालायचे ती गणितं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पंधरवड्याला शेंगांची पिशवी घेऊन यायचे, तर मी खेळ सोडून यायलाही तयार नसायचे. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते विचाराल तर मी तेच सांगेन.

मी हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘तसंच वाटतं. तिलाही आधी तसंच वाटत होतं. तू आत दाबून ठेवलंयस.’

याला काय उत्तर द्यावं, सांगा. नाही म्हटलं तर दाबलंय, हो म्हटलं तर सापडलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘माझं लहानपण मला जास्त माहीत का त्या सिनेमावाल्याला?’ म्हणून मी मटारचं ताट आपटलं. तर हा आनंदानं म्हणतो, ‘बघ, राग बाहेर येतोय.’

मला वाटलं विषय संपला. चार दिवसांनी सकाळी बेल वाजली. दारात अण्णा. लातूरहून बसनं, एकटे, न कळवता. हातात पिशवी नाही काही नाही. मी म्हटलं, आत या, पाणी देते. ते आत आले पण बसले नाहीत. नवरा त्या दिवशी सेकंड शिफ्टला होता, तो आतून आला आणि भिंतीशी उभा राहिला. त्याला ठाऊक होतं हे मला त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं. त्यानं कंपनीतून अण्णांना फोन केला होता. सिनेमाही मोबाइलवर पाठवला होता. आणि वर, लहानपणी मावशीकडे ठेवलं त्यानंच हे झालं असं मॅडम म्हणाल्या म्हणून सांगितलं होतं, म्हणजे अण्णांना पटावं.

अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग माझ्यासमोर खाली बसायला लागले. त्यांचे गुडघे दुखतात, एकदम बसता येत नाही, म्हणून एका हातानं खुर्ची धरली. ‘माय,’ म्हणाले, ‘तुला तिथं ठिवायला नको व्हतं. माझं चुकलं. मला माफ कर.’ आणि ते माझ्या पायांकडे वाकले.

ज्या माणसानं मला शिकवायचं म्हणून गावाचं बोलणं ऐकून घेतलं, पोरीला बाहेर ठेवतो म्हणून भावकीच्या शिव्या खाल्ल्या, तो सत्तरीचा माणूस माझ्या पायाला हात लावत होता. कारण सिनेमातला बाप तसं करतो. मी त्यांचे दंड धरून उठवायला बघत होते, ओरडत होते, अण्णा काय करताय हे, काही चुकलं नाही तुमचं. आणि नवरा डोळे पुसत माझ्या तोंडाकडे बघत होता. दोघंही वाट बघत होते. मी रडायची वाट.

मला रडू आलं नाही. या आजारात ते येत नाही, निदान मला येत नाही, सगळं कापूस कोंबल्यासारखं होतं. अण्णांनी माझे कोरडे डोळे बघितले, टोपी घातली आणि खुर्चीवर बसले. संध्याकाळच्या गाडीनं निघूनही गेले. नवऱ्याशी मी त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या भेटीला मी त्याला मॅडमसमोर नेऊन बसवलं. मॅडमनी नाक पुसलं आणि सरळ सांगितलं, ‘मी असं काहीही म्हटलेलं नाही. सगळ्यांच्या आजाराला असं एक कारण सापडत नाही. सापडलं तरी ते कळल्यानं लगेच बरं वाटेल असं नाही. गोळ्या, झोप, चालणं, इथं येणं. कंटाळवाणं आहे, पण हेच आहे.’ तो मान खाली घालून ऐकत होता. बाहेर पॅसेजमध्येच त्यानं अण्णांना फोन लावला, माझी चूक झाली, मी खोटं बोललो म्हणाला. मनापासून म्हणाला. त्याच्यावरचा माझा राग तिथं निम्मा उतरला.

पण अण्णांना ते पटलं नाही. त्यांना वाटतं, जावई चांगला आहे, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय. त्यांनी तो सिनेमा परत परत बघितलाय, आई सांगते. सिनेमात बापानं माफी मागितली की मुलगी बरी होते. मग माझी मुलगी बरी का झाली नाही? त्यांच्या दृष्टीनं उत्तर एकच.

माझं त्यांना मावशीच्या घरचं सगळं सांगून झालं. फ्रॉक, जिलबी, सगळं. ते ऐकतात आणि म्हणतात, ‘तू मोठ्या मनाची हाईस.’ माझ्या सुखाच्या दिवसांची ही गत केली त्या अडीच तासांनी. आता मलाही ते दिवस आठवले की आधी अण्णांचा खुर्ची धरलेला हात दिसतो.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. बरी आहे म्हटलं तर त्यांचा आवाज असा काही फुलतो की पुढचं सांगवत नाही. आणि बरं नसलं तर काय करू? मॅडमनी सांगितलंय, खोटं बोलायचं नाही, कुणाशीच. गेल्या रविवारी मी खरं तेच सांगितलं, अण्णा, हा आठवडा वाईट गेला, गोळ्या अजून वर्षभर तरी घ्यायला सांगितल्यात.

मग अण्णा म्हणाले, ‘मनातून काढून टाक की माय आता. अजून कितींदा माफी मागू?’