टपरीत बसवलेला उत्तरेश्वर

उत्तरेश्वरला कुणी "कसं चाललंय?" असं विचारलं, की तो म्हणायचा, "चालतंय कशाचं, बसलंय." उजवा पाय गुडघ्याखाली नसलेल्या माणसानं असं म्हटलं की विचारणारा कावराबावरा होतो. हसावं तर पाप, हळहळावं तर हा स्वतःच हसतोय. उत्तरेश्वरला त्याची ती फजिती बघायला आवडायचं. खरं सांगायचं तर दुसऱ्यानं टोमणा मारायच्या आत आपणच मारून घेतला की तो कमी लागतो, एवढाच त्यातला हिशेब होता.

पाय गेला त्याला चार वर्षं झाली होती. ऊसतोडीला गेलेला असताना कारखान्याच्या दारात गाड्यांचा नंबर लागला होता. पुढं काहीतरी वाजलं, बैल बिचकले, आणि उसानं भरलेली टायरगाडी मागं सरकली. "बैलाला अक्कल नव्हती हे कबूल," तो सांगायचा, "पन भरल्या गाडीच्या चाकामागं बसून तंबाखू मळणाऱ्याला तरी कुटं व्हती?"

तेव्हापासून निराधाराचा पगार सुरू झाला, महिन्याला सहाशे. गावानं त्याचं नाव सरकारी जावई ठेवलं. त्यावर त्याचं म्हणणं असं, की जावई खरा, पण हा सासरा सणासुदीला बोलवत नाही. वर्षातून एकदा जिता आहे का मेला, ते बघायला तेवढा बोलावतो. बायको अंजना लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि हा दारात बसून कोंबड्या हाकायचा. कोंबड्यासुद्धा त्याला जुमानत नव्हत्या. बायकोच्या कष्टाची भाकरी मोडताना त्याला घास गिळवत नसे. हे मात्र तो कुणाला सांगत नव्हता.

मग दोन हजार तेराचा दुष्काळ आला. कडा गावाच्या अलीकडच्या माळावर सोसायटीनं चारा छावणी टाकली. सोसायटीचे चेअरमन भगवानराव. सरपंच त्यांची भावजय, म्हणजे ग्रामपंचायतही त्यांचीच. अपंगांसाठी राखून ठेवलेल्या निधीतून त्यांनी उत्तरेश्वरला एक पत्र्याची टपरी मंजूर केली आणि छावणीच्या तोंडाशी उभी केली.

टपरी नामी होती. फक्त कमरेइतक्या उंच लोखंडी पायांवर उभी होती, आणि वर चढायला तीन गजांची शिडी होती. इतकी उंच का, असं विचारल्यावर बनवणारा म्हणाला, पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून. त्या दिवशी छावणीत प्यायच्या पाण्याचा टँकर आला नव्हता.

भगवानरावांनी फीत कापली, भाषण केलं आणि म्हणाले, "चला मालक, बसा गादीवर!" मालकानं शिडीकडे बघितलं, शिडीनं मालकाकडे. शेवटी चौघांनी उचलून त्याला आत ठेवलं, मांडवात गणपती बसवतात तसं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

तेव्हापासून रोज सकाळी छावणीतली माणसं त्याला वर बसवायची आणि दिवस मावळताना खाली उतरवायची. मधे उतरायची सोय नाही, म्हणून तो दिवसभर पाण्याला तोंड लावत नसे. "अख्ख्या जिल्ह्यात," तो म्हणायचा, "खुशीनं तहानलेला मी एकलाच."

धंदा कसला करावा, हे छावणीनंच ठरवलं. माणसं महिनोन्महिने जनावरांपाशी मुक्कामाला, आणि मोबाईल मरून पडलेले. सोसायटीनं दिव्यांसाठी वीज घेतली होती. तिच्याबद्दल चेअरमनांशी रीतसर बोलून उत्तरेश्वरनं सॉकेटची एक फळी लावली, बारीक पिनचे आणि जाड पिनचे चार्जर टांगले, आणि फोनमागं पाच रुपये दर ठेवला. फोनांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकाला चिठ्ठी बांधली. माणसांची नावं निम्मी सारखीच, म्हणून चिठ्ठीवर जनावराचं नाव लिहायचं: सर्जा, काळी गाय, मारकुटी म्हैस. म्हशीला घरून फोन आला की सगळी टपरी हसायची.

सुरुवातीला लोक फोन सोडून जायला कचरत होते. उत्तरेश्वर म्हणाला, "आरं, तुमचा फोन घिऊन पळून जाईल असा मानूस हाय का मी?" हे मात्र सगळ्यांना पटलं. दिवसाला वीस-बावीस फोन येऊ लागले. संध्याकाळी अंजनाच्या हातात चिल्लर ठेवताना त्याची मान चार वर्षांत पहिल्यांदा ताठ असायची. पण छावणीतला जो तो आभाळाकडे बघून पाऊस मागत होता, आणि पाऊस आला की छावणी उठणार होती. उत्तरेश्वरही आभाळाकडे बघायचा, पण काही मागायचा नाही, आणि त्याची त्याला लाज वाटायची.

अशात दोन निरोप एकदमच आले. एका कार्यालयाचा माणूस बघायला येणार, की टपरी लाभार्थी स्वतः चालवतो का. चालवत नसेल तर टपरी परत. दुसऱ्या कार्यालयाचा माणूस बघायला येणार, की पगार घेणाऱ्याला काही कमाई आहे का. असेल तर पगार बंद. दिवस एकच, गुरुवार.

भगवानरावांनी लगेच डाव मांडला. "पयला सायब आकराला. तवा तू वर बसून धंदा कर. दुसरा दोनला. तवा खाली बाजंवर पड आन् कण्ह."

"कण्हायचं जमंल," उत्तरेश्वर म्हणाला. "धंद्याचंच जरा नवीन हाय."

गुरुवारी अकराला जीप आली आणि तिच्यातून दोन्ही साहेब उतरले. डिझेल वाचावं म्हणून एकाच गाडीत आले होते. उत्तरेश्वर वर बसलेला, आणि त्याला उतरवायला कुणी पुढं होईना. पगाराच्या साहेबांनी आल्या आल्या खिशातला फोन काढून दिला. "बॅटरी संपलीय. लावा जरा. बारीक पिन."

लावला. चिठ्ठीवर काय लिहावं कळेना, म्हणून कोरीच बांधली.

"टपरी तुम्ही स्वतः चालवता?" पहिल्या साहेबांनी विचारलं.

"व्हय, मीच."

"म्हणजे कमाई होते?" दुसऱ्यांनी विचारलं.

फळीवर नेमकी मारकुटी म्हैस वाजायला लागली. तिची मालकीण वच्छलाबाई गर्दीतून पुढं आली आणि ठसक्यात म्हणाली, "कसली कमाई, सायब? फुकट करतोय बिचारा. मुक्या जनावरांचं पुन्य लागंल म्हनून." तिनं फोन उचलला आणि पैसे न देता निघून गेली. बाकीच्यांनी ते ओळखलं. एकेक जण आला, आपापला फोन घेऊन, हात जोडून गेला. अंजनानंही पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "काय न्हाई कमवत, सायब. बसून खात्यात."

खोटं होतं, पण चार वर्षं तेच खरं होतं.

दोन्ही साहेब खूश झाले. पहिल्यांनी लिहिलं, टपरी चालू. दुसऱ्यांनी लिहिलं, उत्पन्न नाही, आणि कागद वर सरकवला. उत्तरेश्वरनं सही केली. टपरी राहिली, पगार राहिला. भगवानरावांनी मिशीवरून हात फिरवला.

जीप सुरू झाली तेव्हा पगाराच्या साहेबांना फोन आठवला. ते परत आले, फोन घेतला आणि सवयीनं खिशात हात घालून म्हणाले, "किती झाले?"

अंजनानं डोळ्यांनी खुणावलं, वच्छलाबाईनं नको म्हणून मान हलवली.

"पाच रुपये," उत्तरेश्वर म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मग दहाची नोट दिली, पाच परत घेतले, फाईल उघडली, आणि सहीखाली उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. जीप गेली. पगार गेला, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. भगवानराव त्याच्या अकलेचा उद्धार करत निघून गेले.

दिवस मावळताना माणसांनी त्याला खाली उतरवलं. घराकडे निघाल्यावर अंजनानं विचारलं, "कावून म्हनलात तसं?"

उत्तरेश्वर कुबडी टेकून थांबला. एखादा विनोद सुचतो का ते त्यानं बघितलं. सुचला नाही.

"चार वरीस झाले, सरकारचा मानूस आला की इचारतो, किती मिळत्यात. किती झाले, आसं गिऱ्हाइकावानी इचारणारा ह्यो पयलाच. माज्यानं ऱ्हावलं न्हाई."

अंजना त्याची पिशवी आपल्या खांद्याला अडकवत म्हणाली, "मंग धा तरी सांगायचे."